बाष्पयंत्राचे सिलिंडर : उष्णतेचा जमाखर्च

ग्वाल्हेर संस्थानात माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत अवघ्या २ फूट रुंदीच्या मार्गावर लाइट रेल्वे उभी राहिली. तिचा श्योपूरचा मार्ग सुमारे २०० किलोमीटर लांबीचा होता. डिझेल येईपर्यंत वाफेची लहान इंजिने ही गाडी ओढीत. २०२० साली या मार्गावरील वाहतूक थांबली. हरिशंकरपुरमातील वडीलधाऱ्या मंडळींना ती परिचितच असेल. लहान इंजिनाला कोळसा कमी लागतो, हे खरे. परंतु केलेल्या कामाच्या मानाने तो बहुधा अधिकच लागतो. याचे कारण सिलिंडरच्या रचनेत आहे.

सिलिंडर म्हणजे दट्ट्या ज्यात पुढेमागे सरकतो ते पोकळ नळकांडे. वातावरणाच्या दसपट दाबाची वाफ सुमारे १८० अंश सेल्सियस उष्णतेने आत शिरते आणि काम करून सुमारे १०० अंशांवर बाहेर पडते. तिच्या संगतीने सिलिंडरची भिंतही निवते. पुढील ताजी वाफ त्या भिंतीस टेकताच तिचा काही अंश काम करण्यापूर्वीच पाणी होतो. व्यापाऱ्याच्या भाषेत ही मालाची घट होय. जेम्स वॉट याने १७६३-६४ मध्ये न्यूकोमेनच्या यंत्राची प्रतिकृती दुरुस्त करताना हीच घट हेरली. सिलिंडर सदैव तप्त राहावे म्हणून वाफ निवविण्याचे पात्र त्याने वेगळे केले आणि १७६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

आता आकाराचा विचार करू. सिलिंडरचा व्यास आणि लांबी दोन्ही दुप्पट केल्यास आतील जागा ८ पट होते, पण भिंतीचे क्षेत्रफळ ४ पटच वाढते. म्हणजे मोठ्या सिलिंडरात वाफेच्या प्रत्येक मापामागे निवविणारी भिंत निम्मी पडते. लहान इंजिनाचे नुकसान नेमके येथे होते.

दुसरा मुद्दा वाफेच्या प्रसरणाचा. दट्ट्याने एक चतुर्थांश धाव घेताच झडप मिटली, तर आतील वाफ पसरत उरलेली धाव पुरी करते. त्याच वाफेपासून गणिताने दुपटीहून अधिक काम मिळते. परंतु प्रसरण फार ताणल्यास वाफ अधिक निवते आणि भिंतीची घट वाढते. म्हणून संयुक्त इंजिनात प्रसरण दोन सिलिंडरांत विभागतात : पहिल्यात १८० पासून सुमारे १३५ अंशांपर्यंत, दुसऱ्यात तेथून १०० पर्यंत. प्रत्येक भिंतीस निम्माच चढउतार सोसावा लागतो. वाफ अतितप्त करणे हा दुसरा उपाय. अशी वाफ भिंतीस लागून सहसा पाणी होत नाही. सिलिंडरवर उष्णतारोधक वेष्टन घातल्यास बाहेर जाणारी उष्णताही आवरते.

मग अरुंद मार्ग बांधला तो चुकला काय? तसे नव्हे. हलके रूळ आणि लहान पूल यांत वाचलेले भांडवलही जमेस धरले पाहिजे. मात्र यंत्राची किंमत ठरविताना खरेदीचा आकडा एकदाच द्यावा लागतो, भिंतीवरची घट मात्र प्रत्येक धावेस द्यावी लागते, हे सुज्ञ व्यापाऱ्याने विसरू नये.