मातेच्या दारातील दानलेख : कार्ल्याचे चैत्यगृह

श्रीएकवीरा मातेच्या दर्शनास आलेले भाविक वेहेरगावच्या पायऱ्या चढून येतात, मातेची ओटी भरतात आणि गर्दीच्या दिवसांत लगेच उतरू लागतात. चैत्रातील यात्रेला व नवरात्रात तर मागे वळून पाहण्यासही सवड नसते. मंदिराला लागूनच असलेले चैत्यगृह त्यामुळे अनेकांचे पाहायचे राहून जाते. भारतातील सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह ते हेच.

पांडवांनी हे स्थान एका रात्रीत घडविले, असे कोळी-आगरी बांधव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कथा गोड आहे. परंतु लेणे कोणी केले, हे तेथील ब्राह्मी शिलालेखांतच लिहिलेले आहे, आणि ते कोणा एकाचे काम नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास अनेकांच्या दानातून ते उभे राहिले. वैजयंती, म्हणजे कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दाराचे काम करविले. एक सुतार आहे, भिक्षुणी आहेत, सोपाऱ्याचा एक भिक्षू आहे. इतकेच नव्हे, तर स्वतःस यवन म्हणविणाऱ्यांनीही एकेक खांब दिला. समोरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारथीचा. दानाची रक्कम मात्र या लहान लेखांत आढळत नाही. नाव, गाव आणि काय दिले, एवढेच.

या लेण्यांचे जुने नाव वलूरक. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने येथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. पुढे क्षत्रपांची सत्ता गेली, सातवाहन आले. तरीही नव्या राजाने मामाळच्या अमात्यास आज्ञा देऊन त्या गावाचे दान भिक्षूंकडेच ठेवले. शत्रूने दिलेले दान त्याने मोडले नाही. हे ‘मामाळ’ म्हणजेच आजचे मावळ.

आत गेल्यावर मान वर करून छताकडे अवश्य पाहावे. सुमारे 37 मीटर लांबीच्या या दालनात 37 खांब असून वरच्या कमानदार फासळ्या सागवानी लाकडाच्या आहेत. स्तूपावरील छत्रही लाकडीच. मावळचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला दोन हजार वर्षे टिकलेल्या या लाकडाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुःखाची बाब अशी की, काही जण याच दगडावर आपली नावे कोरून जातात. प्राचीन दात्यांनी खांब दिला, मग नाव लिहिले; येथे नुसतेच नाव! 1958 च्या कायद्यानुसार हा अपराध आहे. हळदकुंकू, नारळ व तेल मातेच्या चरणीच अर्पण करावे, लेण्यातील खांबांना लावू नये.

लेणे पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलल्यावर समोरच्या मोठ्या कमानीतून ऊन थेट आत येते. त्या वेळी खांबांवरील अक्षरे पाहणे सोयीचे होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रवेशशुल्क भरावे लागते. सकाळी वेळ मिळाल्यास मळवली स्थानकाच्या दक्षिणेस असलेली भाजे लेणी आधी पाहावीत; ती कार्ल्याहून जुनी आहेत.