तिसऱ्यांदा फी भरण्याआधी

प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, ड्रॉप घेऊ द्यावा का?" पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं असेल तर घेऊ द्या. दोनदा झालं असेल तर इंदूरच्या भंवरकुआंतल्या क्लासात तिसऱ्यांदा फी भरू नका. पदवी, डिप्लोमा, एमपीपीएससी या वाटा तुम्हाला माझ्याइतक्याच पाठ आहेत.

मी अप्रेंटिसशिपचं नाव काढलं की मात्र वडिलांचा चेहरा उतरतो. परवा रामबागेतले एक गृहस्थ म्हणाले, "आमचे बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते. आता पोरानंही तेच करायचं?" भीती खोटी नाही. 1991 मध्ये मिल बंद पडली आणि कामगारांची देणी हाती पडायला डिसेंबर 2023 उजाडला. पण साच्यापाशी उभं राहून ती माणसं जे शिकली, त्याचा कागद किती जणांकडे होता?

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून 2023 मध्ये मंजूर केलेली 208 क्रमांकाची शिफारस या कागदावरच बोट ठेवते. लेखी करार हवा, विद्यावेतन हवं, कामाच्या जोडीला वर्ग हवेत आणि शेवटी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवं. अर्थात ती शिफारसच; सक्ती आहे ती आपल्या 1961 च्या अप्रेंटिस कायद्याची. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पीथमपूर आपल्या उशाशी आहे, आणि जर्मनीच्या सहकार्याने उभी राहिलेली इंडो-जर्मन टूल रूम तर सांवेर रोडवरच. आपण चौकशी करतो ती कोट्याच्या हॉस्टेलची!

एका वर्कशॉपमध्ये मी एक मुलगी पाहिली. मायक्रोमीटरचं रॅचेट टिकटिक वाजेपर्यंत फिरवायची, आकडा वहीत लिहायची, तोच भाग पुन्हा मोजायची. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी. गणितात ती दोनदा नापास झालेली.

भाबडेपणा मात्र नको. करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का, कोणता ट्रेड, शिकवणार कोण, हे आधी विचारा. "आधी कामाला लागू दे, कागद नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर मुलाला घेऊन घरी या. तिथं शिकणं नाही, स्वस्तातली मजुरी आहे.

रामबागेतल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण कायमची नोकरी देतील?"

"कायदा मालकावर तशी सक्ती करत नाही."

"मग कशाच्या भरवशावर पाठवू?"

"अहो, क्लासवाल्याला विचारलं होतंत का हे?"