भूगर्भातील ठेवा कोणाचा?

शेतकरी नांगर चालवितो, विहीर खोदणारा पहारीने जमीन फोडतो, आणि एखादे वेळी मातीतून अवचित काही निराळेच वर येते. कधी जुने नाणे, कधी रंगीत खापर, तर कधी पाषाणमूर्ती. ही वस्तू कोणाची? ज्याला सापडली त्याची, ज्याची जमीन त्याची, की आणखी कोणाची? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपल्या महाराष्ट्रातीलच एक उदाहरण घेऊ.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद हे ओसाड गाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडात अतिप्राचीन वस्तीचे अवशेष असल्याचे १९५८ साली पुरातत्त्वज्ञांच्या ध्यानी आले. पुढे १९७४ साली तेथे एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार भरीव प्रतिमा गवसल्या. बैलजोडीचा रथ व तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या प्रतिमा होत. चौघींचे मिळून वजन ६० किलोग्रॅमहून अधिक भरले. मोडीच्या भावाने त्या एखाद्या भट्टीत गेल्या असत्या, तर चार दिवसांची चूल पेटली असती. परंतु एका प्राचीन कारागिराचे कौशल्य कायमचे वितळून गेले असते. सुदैवाने तसे घडले नाही. त्या शासनाच्या ताब्यात आल्या व जतन झाल्या.

तरीही एक गोष्ट हातची गेली. पुरातत्त्वज्ञ जमीन थराथराने उकलतात. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडलेली होती, यावरून तिचा काळ ठरतो. दायमाबादच्या उत्खननांत एकावर एक अशा पाच संस्कृतींचे थर आढळले. परंतु या प्रतिमा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली निघाल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी मतभेद राहिले. त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, उत्तर हडप्पा काळातील असाव्यात, असे काही विद्वान मानतात. तर धातूतील सोमलाचे प्रमाण पाहून काहींनी या मताविषयी शंका घेतली आहे. सुट्या पानांची पोथी वाऱ्याने उधळली, तर पाने हाती लागतात. पण त्यांचा क्रम हरपतो. जागेवरून हललेल्या पुराणवस्तूचेही तसेच होते.

आता मालकीचा प्रश्न पाहू. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे हे सापडणाऱ्याचे कर्तव्य आहे. शासनाने ती वस्तू स्वतःकडे घेतल्यास तिच्यातील द्रव्याच्या मोलापेक्षा एक-पंचमांश अधिक रक्कम हक्कदारांना द्यावी लागते. मात्र जो ती लपवितो, तो आपला वाटा गमावतो व शिक्षेसही पात्र ठरतो. १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या प्राचीन स्मारकांना व स्थळांना संरक्षण दिले. १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू परदेशी पाठविण्याचा अधिकार खाजगी व्यक्तींकडे ठेवला नाही. आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे १९७६ साली आपल्या संविधानात नमूद झाले.

परंतु कायद्याचा पहारेकरी प्रत्येक शेताच्या बांधावर उभा राहू शकत नाही. तेथे असतो तो गावकरी. म्हणून खरे रक्षण त्याच्याच हाती आहे. अशी वस्तू दिसल्यास ती घासून उजळू नये, जागेवरून हलवू नये, भोवतालची माती उकरू नये. जागेची खूण ठेवून वडीलधाऱ्यांना व शिक्षकांना सांगावे आणि जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे.

ज्यांनी हा ठेवा घडविला, ते आज नाहीत. ज्यांना तो पुढे पाहावयाचा आहे, ते अजून जन्मले नाहीत. मधल्या काळात तो आपल्या हाती आहे, तो मालक म्हणून नव्हे, तर विश्वस्त म्हणून. आणि विश्वस्ताने ठेव जशीच्या तशी पुढे सोपवावयाची असते.

स्वाध्याय
१. दायमाबादच्या प्रतिमांच्या काळाविषयी मतभेद का राहिले?
२. सुट्या पानांच्या पोथीचा दृष्टान्त लेखकाने कशासाठी दिला आहे?
३. ‘मालक’ आणि ‘विश्वस्त’ यांतील भेद स्वतःच्या शब्दांत सांगा.