सीटीसीत जाण्याआधी

काचीगुडा, हैदराबाद

चि. सोन्यास,

परीक्षा संपली की सिकंदराबादला पार्कलेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे सीटीसीत जाऊन जुने गेम खेळायचं हातातलं यंत्र घ्यायचा तुझा बेत आहे, असं आईने फोनवर सांगितलं. घे, जरूर घे. पण आधी हे वाच.

खोक्यावर ‘दहा हजार गेम’ असं छापलेलं असेल, तिकडे बघूच नकोस. नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेटवरही ‘९९९९ इन १’ असायचं आणि आत तेच मारिओ, तेच काँट्रा नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे.

पहिला प्रश्न एकच: कोणत्या काळातले गेम खेळायचे आहेत? आर३६एस नावाच्या यंत्रात आरके३३२६ चिप आणि १ जीबी रॅम असते, तर मियू मिनी प्लस नावाच्या यंत्रात जेमतेम १२८ एमबी. तरीही १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत दोन्ही पोचतात. निन्टेन्डो ६४ चे काही गेम आर३६एसवर चालतात, काही अडखळतात. पीएसपीचंही तसंच. त्यांच्यासाठीच घ्यायचं असेल तर थांब आणि आणखी पैसे साठव.

पडदा दोन्हींचा साडेतीन इंची, ६४० बाय ४८० ठिपक्यांचा. प्लेस्टेशनच्या बऱ्याच गेमचं चित्र ३२० बाय २४० असतं. दुप्पट केलं की पडदा काठोकाठ भरतो. गेमबॉय अॅडव्हान्सचं २४० बाय १६०. ते दुप्पट केलं तर चारी बाजूंना काळी चौकट उरते. ताणून भरायला गेलं तर काही ठिपके दोनपट, काही तीनपट होतात आणि चित्र सरकताना थरथरतं. तुझा जीव पोकेमॉनवर आहे, म्हणून हे दुकानातच डोळ्यांनी बघून घे.

मग अंगठ्याची परीक्षा. दुकानदाराकडे दहा मिनिटं माग, काँट्रा लाव, दिशेचं बटण उजवीकडे दाबून धर आणि अंगठा अगदी किंचित वर-खाली डोलव. गडी सरळ गोळ्या मारता मारता मध्येच तिरक्या मारायला लागला, तर ते यंत्र खाली ठेव. चिप कितीही चांगली असली तरी असं बटण रोज छळतं. उडीचं बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो का, तेही ऐक.

आर३६एसच्या नावाने नकली यंत्रंही विकली जातात, आणि असलीतही पडदे वेगवेगळे असतात. त्यामुळे यंत्र चालवणारी आर्कओएस ही प्रणाली नव्याने टाकताना पडद्याशी जुळणारी फाइल नसेल तर यंत्र चालू होऊनही समोर काळोखच दिसतो. सोबत आलेलं मेमरी कार्ड तर हलकंच धर. पहिल्याच दिवशी त्याची नक्कल चांगल्या कंपनीच्या कार्डावर करून ठेव. चार्जिंगला साधी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल वापर. दोन्हीकडे सी-टाइप असलेली केबल यातल्या काही यंत्रांना चालत नाही.

एक गोष्ट मामाला मनापासून सांगायची आहे. कार्डात भरून येणारे ते हजारो गेम बहुतेक मालकांना न विचारता भरलेले असतात. १९५७ चा कॉपीराइट कायदा कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला जपणुकीसाठी नक्कल करू देतो, दुकानदाराला ती विकू देत नाही. गेमबॉयसाठी आजही हौशी मंडळी नवे गेम लिहितात, कित्येक तर स्वतःहून फुकट देतात. सुरुवात त्यांच्यापासून कर.

आणि पैसे देण्याआधी, यंत्र किती दिवसांत बदलून मिळेल ते पावतीवर लिहून घे.

तुझा,
मामा