लिनक्सची वाट: आधी बिघाड, मग नोकरी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरच्या जुन्या लॅपटॉपचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. दहा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप या चाळणीत अडकतो. मग घरातली डिप्लोमाची मुलगी किंवा नुकताच बारावी झालेला मुलगा पेनड्राइव्हवर उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली उतरवून घेतो आणि मरगळलेला लॅपटॉप पुन्हा पळायला लागतो. थोड्याच दिवसांत वायफाय दिसेनासं होतं, प्रिंटर रुसतो, आवाज जातो. आई-बाबा वैतागतात, "बरा चाललेला कॉम्प्युटर बिघडवून ठेवलास. आता अभ्यास कधी करणार?"

पालकांची काळजी रास्त आहे. पण त्या बिघाडाशी मूल शिस्तीत झुंजत असेल, तर नोकरीला लागणाऱ्या अभ्यासाची सुरुवात तिथेच झालेली असते. शिस्त नसेल तर मात्र तो वेळेचा चुराडा.

दिसत नाही, पण सगळीकडे आहे

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने १९९१मध्ये लिनक्सची घोषणा केली, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळे महासंगणक नोव्हेंबर २०१७पासून लिनक्सवर चालतात. क्लाउडवरच्या सर्व्हरांचा मोठा हिस्साही लिनक्सवरच आहे. घरच्या कॉम्प्युटरवर ते वापरणारे थोडे, म्हणून पालकांच्या कानावर त्याचं नाव फारसं येत नाही.

या सर्व्हरांवर रोज काही ना काही अडतं. डिस्क भरते, एखादी सेवा बंद पडते, परवानगी नाकारली जाते, नेटवर्क तुटतं. ते शोधून दुरुस्त करणाऱ्याला पगार मिळतो. घरच्या लॅपटॉपवर येणारे बिघाड हे त्याच जातीचे, फक्त आकाराने लहान.

चार बिघाड, चार धडे

वायफाय दिसत नाही. बरेच नवशिके इथे थेट पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. त्याआधी टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' ही कमांड द्यावी. मशीनमधली कार्डं आणि प्रत्येकाला लागलेला ड्रायव्हर यांची यादी येते. वायफाय कार्डाखाली 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, तर ड्रायव्हर नाही हे कळलं. ब्रॉडकॉमच्या चिपांबाबत हे बऱ्याचदा घडतं. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरावं आणि उबुंटूमधल्या 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून, मिंट असेल तर 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून ड्रायव्हर घ्यावा. ती ओळ असूनही वायफाय बंद असेल, तर 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड बघावी. तिथे 'हार्ड ब्लॉक्ड: येस' दिसलं, तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा कीबोर्डवरची विमानाची कळ तपासावी. नळाला पाणी नसेल तर आधी टाकी, मग व्हॉल्व्ह, मग तोटी बघतात. इथेही थर तसेच एकेक करून तपासायचे.

घड्याळ साडेपाच तास चुकतं. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या घरात हा प्रकार हमखास होतो. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ मागे पडलेलं असतं आणि फरक बरोबर साडेपाच तासांचा. मदरबोर्डवरची बॅटरी गेली असं समजून लोक ती बदलून आणतात. खरं कारण हे, की मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ ठेवते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने चूकही तेवढीच येते. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत पाळायला सांगितलं की प्रश्न मिटतो. लिनक्सच्या बाजूने ते 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने करता येतं. बॅटरी मेली असती तर फरक इतका नेमका आला नसता. असा नेमका आकडा दिसला की कारण त्या आकड्यात शोधावं, ही सवय पुढे सर्व्हरच्या नोंदी वाचताना जन्मभर पुरते.

काही इन्स्टॉल होत नाही, 'कुड नॉट गेट लॉक' असा संदेश येतो. बहुतेक वेळा मागे आपोआप अपडेट चालू असतं आणि त्याने पॅकेजांच्या यादीला कुलूप घातलेलं असतं. थोडा वेळ थांबलं की काम होतं. पण इंटरनेटवर 'लॉक फाइल उडवून टाका' असा सल्ला सर्रास मिळतो. अपडेट चालू असताना तो ऐकला, तर पॅकेजांची नोंदच अर्धवट राहू शकते आणि आगीतून फुफाट्यात पडायची वेळ येते.

लॅपटॉप मध्येच गोठतो. दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा, इथेच घोडं पेंड खातं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करावं. हार्ड डिस्कवर काही इन्स्टॉल करायची गरज नाही. तिथेही मशीन गोठत असेल, तर संशय रॅमवर आणि तापणाऱ्या प्रोसेसरवर. रॅम तपासायला मेमटेस्ट आहे. पेनड्राइव्हवर सुरळीत चालत असेल, तर आत बसवलेली प्रणाली नाहीतर डिस्क दोषी. 'डीमेसेज' या कमांडने दिसणाऱ्या नोंदींत डिस्कच्या नावापुढे 'आय-ओ एरर' वारंवार दिसत असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवावीत.

शिस्त म्हणजे काय?

संदेश पूर्ण वाचायचा आणि जसाच्या तसा वहीत किंवा फाइलमध्ये उतरवायचा. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. इंटरनेटवरून किंवा एआयकडून मिळालेली कमांड, विशेषतः मशीनवरचे सगळे अधिकार देणाऱ्या 'सुडो'ने सुरू होणारी, अर्थ समजल्याशिवाय चालवायची नाही. दुरुस्ती झाली की मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि ती टिकते का ते बघायचं. शेवटी लक्षण, शोध, कारण, उपाय अशा चार ओळी लिहून ठेवायच्या. अशा नोंदींची वही पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मार्कशीटइतकीच बोलते, कारण तिथे हमखास विचारतात, "वेबसाइट उघडत नाही अशी तक्रार आली, तर काय कराल?" घोकलेलं उत्तर चौथ्या उपप्रश्नाला संपतं. स्वतः शोध घेतलेल्या उमेदवाराला मात्र पुढचा प्रश्न आधीच दिसतो.

शिक्षणाच्या वाटा

दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा 'कोपा' हा कॉम्प्युटरचा ट्रेड किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा, बारावीनंतर बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनीअरिंग, या सरळ वाटा. दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांनाही हे क्षेत्र बंद नाही, पण त्यांना हातातलं काम दाखवावं लागतं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मोफत आहेत आणि मराठी निवेदनातही मिळतात. इंग्रजीची धास्ती असलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. मात्र त्रुटींचे संदेश इंग्रजीतच येतात, तेव्हा ते वाचण्यापुरती इंग्रजी कमवावी लागेल.

प्रमाणपत्रांत रेड हॅटची 'आरएचसीएसए' ही परीक्षा नावाजलेली आहे. तिच्यात पर्यायी उत्तरांवर खुणा करायच्या नसतात. समोर चालू मशीन असतं, त्यावर दिलेली कामं करून दाखवायची असतात, इंटरनेट मिळत नाही आणि केलेले बदल मशीन पुन्हा सुरू झाल्यावरही टिकावे लागतात. घरी बिघाड निस्तरलेल्या मुलाला हे वातावरण ओळखीचं वाटतं.

पहिली नोकरी बहुधा डेस्कटॉप सपोर्टची किंवा नेटवर्कवर लक्ष ठेवण्याची असते. रात्रपाळी येते आणि फोनवर चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलावं लागतं. तिथून पुढे सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, मग क्लाउड आणि डेव्हऑप्स अशी चढण आहे. त्यासाठी नेटवर्किंग, शेल स्क्रिप्ट आणि थोडं पायथन शिकत राहायला हवं. सपोर्टच्या खुर्चीतच वर्षानुवर्षं अडकलेल्या बऱ्याच जणांनी हेच शिकायचं टाळलेलं असतं.

पालकांनी काय करावं?

प्रयोगासाठी जुना लॅपटॉप वेगळा ठेवा. घरात एकच मशीन असेल, तर आधी सगळ्या फाइलींची प्रत काढायला लावा आणि तोवर पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवू द्या. बोर्डाच्या किंवा प्रवेश परीक्षेच्या तोंडावर हे उद्योग थांबवायला सांगणं चुकीचं नाही. कल आहे की नुसता टाइमपास, हे ओळखायला तुम्हाला कॉम्प्युटर यायला हवा असं नाही. "काय बिघडलं होतं आणि कसं कळलं?" एवढं विचारा. मूल साध्या मराठीत क्रमाने सांगू शकलं, तर त्याला विषय कळतोय. "काहीतरी केलं आणि झालं" असं उत्तर वारंवार आलं, तर अजून सराव हवा.

क्लासची फी भरण्यापूर्वी तिथली प्रयोगशाळा बघा. विद्यार्थ्यांना मुद्दाम बिघडवलेलं मशीन दुरुस्तीला देतात का, एवढं विचारा. उत्तर 'नाही' आलं किंवा नुसत्या नोट्सचा गठ्ठा पुढे आला, तर पैसे खिशातच ठेवा. ते रॅम वाढवायला आणि एक एसएसडी बसवायला वापरलेत, तर जुना लॅपटॉप शिकण्यासाठी आणखी काही वर्षं कामी येईल.