धम्मपदातील पाचवी गाथा : छंद, रचना व अर्थ

धम्मपद हा खुद्दकनिकायातील ग्रंथ असून त्यात २६ वग्ग व ४२३ गाथा आहेत. पहिल्या यमकवग्गातील पाचवी गाथा आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. पाठांतराबरोबर ती समजावी, म्हणून आम्ही येथे तिचा विचार करीत आहोत. वाचकांनी गाथा समोर ठेवावी.

छंद : गाथा अनुष्टुभ छंदात आहे; पालीत यास ‘वत्त’ म्हणतात. चरण चार, प्रत्येकी अक्षरे आठ, एकूण ३२. शाळेत शिकलेला नियम येथे तंतोतंत लागू पडतो. प्रत्येक चरणातील पाचवे अक्षर लघु व सहावे गुरू आहे. सातवे अक्षर पहिल्या व तिसऱ्या चरणात गुरू, तर दुसऱ्या व चौथ्या चरणात लघु आहे. संस्कृत ‘वैर’ पालीत ‘वेर’ होते. सवयीने ‘वैर’ म्हटले तरी छंद बिघडत नाही, पण ती पाली राहत नाही.

रचना : ‘शमतात’ या अर्थाचे क्रियापद दोनदा आले आहे. पूर्वार्धात त्याला नकार जोडलेला आहे. उत्तरार्धात तो नकार क्रियापदावरून निघून ‘वेर’ला लागतो व ‘अवेर’ शब्द होतो. गाथेचे सार या एका ‘अ’मध्ये आहे. शिवाय गाथेत आज्ञार्थी क्रियापद एकही नाही. वैर कशाने शमते, एवढेच ती सांगते. शेवटचा चरण त्यास सनातन नियम म्हणतो.

अर्थ : अट्ठकथेत या गाथेमागे काली यक्षिणीची कथा आहे. दोन सवती जन्मोजन्मी एकमेकींची अपत्ये मारतात. ते वैर श्रावस्तीच्या जेतवनात बुद्धांसमोर संपते. घाणीने घाण धुतली जात नाही, त्यास स्वच्छ पाणी लागते, असा दृष्टांत तेथे आहे. ते पाणी म्हणजे खंती व मेत्ता.

मग अन्याय मुकाट्याने सोसावा काय? नाही. गाथा वैराविषयी बोलते, हक्क सोडण्याविषयी नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना उलट हल्ल्यापासून आवरले. तळ्याचा वाद न्यायालयात लढला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. सूड घेतला नाही आणि हक्कही सोडला नाही. ‘अवेर’ शब्द समजण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

विद्यार्थ्यांनी आता सहावी गाथा घेऊन तिचे लघु-गुरू मांडावेत आणि तेच क्रियापद तेथे कोणत्या चरणात येते, ते शोधावे.