कूलरच्या भंगारातून गच्चीवरचे हरितगृह

हरितगृह म्हणजे झाडांना ऊब देणारे घर, ही समजूत थंड मुलखांतून आलेली आहे. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. इथे ऊब मागून आणावी लागत नाही. आम्हीही पहिल्यांदा पुस्तकी पद्धतीने चारही बाजूंनी पारदर्शक प्लॅस्टिक लावले आणि एप्रिलच्या एकाच दुपारी मिरची-वांग्याची सगळी रोपे करपवली. नागपूरचे हरितगृह हे थंडाव्याचे घर असले पाहिजे. आणि थंडावा तयार करण्याचे काम या शहरातल्या कारागिराइतके दुसऱ्या कोणाला येते?

मोठ्या पॉलिहाऊसमध्ये जी यंत्रणा बसवतात, ती म्हणजे आपला कूलरच. एका भिंतीला ओली ताटी, समोरच्या भिंतीला बाहेर हवा फेकणारा पंखा. मात्र जुना कूलर जसाच्या तसा आत नेऊन ठेवू नये. तो तीच दमट हवा फिरवत राहतो. तासाभरात थंडावा संपतो आणि रोपांना बुरशी लागते. कूलर सोडवून त्याचे भाग वेगळे लावायचे. गवताच्या किंवा खसच्या ताट्या पश्चिमेच्या भिंतीत बसवाव्यात, पंखा पूर्वेच्या भिंतीत, तोंड बाहेर करून. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येतो, म्हणून वारा पंख्याला मदत करतो. शिवाय ओली ताटी तिसऱ्या प्रहराचे ऊनही अडवते. एरवी कुठेही फट राहू देऊ नये. फट राहिली की पंखा ताटी सोडून फटीतूनच गरम हवा ओढतो. कोरड्या दुपारी ताटीतून येणारी हवा 10 अंशांनी सहज उतरते.

आतली सगळी हवा मिनिटाला एकदा बदलावी, असा ठोकताळा आहे. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 7 फूट उंच घरात 420 घनफूट हवा मावते; कूलरचा 18 इंची पंखा तेवढी आरामात ओढतो.

सांगाड्याला कूलरच्या स्टँडचे अँगल, मोडक्या लोखंडी पलंगाचे पाईप चालतात. मोमिनपुऱ्यात कोणाकडे हातमागाचे जुने सागवान पडून असेल तर त्याहून उत्तम. छताला मात्र भंगारातले प्लॅस्टिक वापरू नये. साधा कागद उन्हाने एका मोसमात तडकतो. पॉलिहाऊसचा 200 मायक्रॉनचा नवा कागद घ्यावा आणि त्याच्या वर फूटभर अंतर सोडून 50 टक्क्यांची हिरवी जाळी ताणावी. जुने फ्लेक्स बाजूच्या भिंतींना ठीक.

भंगारातले सगळेच घेण्यासारखे नसते. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे खोके, कीटकनाशकाचे ड्रम खाण्याच्या भाजीला कधीही नकोत. शिसे आणि विष धुऊन जात नाही. खाण्याच्या तेलाचे डबे तळाला भोके पाडून वापरावेत. सिमेंटचा जुना पत्रा कापू नये. त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसात जाते. ओल्या मातीने भरलेला 15 लिटरचा डबा वीस-पंचवीस किलोंचा होतो. म्हणून डबे स्लॅबच्या मधोमध न मांडता भिंती आणि बीमच्या रेषेवर मांडावेत.

कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालू नये. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. ताटीवर जो पांढरा थर धरतो तो तोच. टाकी आठवड्याला रिकामी करून वाळवावी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. आणि अर्थिंग! कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. इथे तर लोखंड, पाणी आणि वीज एकाच जागी आहे. तीन पिनांचा प्लग, पक्के अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवल्याशिवाय पंप सुरू करू नये.

जून संपला की ताट्या काढाव्यात. दमट हवेत त्या कुचकामी असतात. बाजू वर गुंडाळून फक्त छत ठेवले की रोपे मुसळधार पावसापासून वाचतात. हिवाळ्यात बाजू पुन्हा खाली. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, हे विसरू नये.

आमचे खरे सांगणे कूलर बनवणाऱ्या बंधूंना आहे. तुमचे काम फेब्रुवारीत सुरू होते आणि पावसाबरोबर थांबते. पुढचे महिने उसनवारीत जातात. वेल्डिंग, पत्र्याचे काम, पंखा-पंपाची जोडणी हे सगळे हातात आहेच. ऑक्टोबर ते जानेवारी या घरांच्या ऑर्डरी घ्याव्यात. उन्हाळ्यात कोथिंबिरीचा भाव चढलेला असताना घरच्या बायकांना त्यातून चार पैसे मिळू शकतात, हे गिऱ्हाइकाला पटवता येते. मात्र कोणता भाग जुना, कोणता नवा हे आधी सांगावे आणि बिलावर लिहावे. वरून कोरडे दिसणारे धान्य आत हात घातल्यावर ओले निघाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) त्या व्यापाऱ्याला काय म्हणाले हे आपण जाणतो. जुन्या मोटरीला रंग मारून नवी म्हणून विकणे त्याहून वेगळे नाही.

पहिले घर स्वतःच्याच गच्चीवर बांधावे आणि एक उन्हाळा चालवून पाहावे. चारही पाय कठड्याला बोल्टने बांधून घ्यावेत. मे महिन्याच्या वादळात आमची जाळी तिसऱ्या घराच्या टाकीवर सापडली होती.